निजामाचे तेरा महिने: मुत्सद्देगिरी समजून घ्यायची तर मराठवाड्यापासून सुरुवात करू

गोदाकाठ

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्याकडे झेंडावंदन होतं, हुतात्मा स्मारकावर फुलं वाहिली जातात आणि भाषणांतून ऑपरेशन पोलोचे, म्हणजे हैदराबाद संस्थानावरच्या लष्करी कारवाईचे, पाच दिवस सांगितले जातात. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत शिरल्या, १७ ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. हे सांगायलाच हवं. पण त्याआधीच्या तेरा महिन्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. राज्यं बंदूक न उचलता एकमेकांशी कशी झुंजतात, हे शिकायला त्या तेरा महिन्यांइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही. म्हणून हा धागा.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच फर्मान काढलं होतं की हैदराबाद कोणत्याही घटना समितीत जाणार नाही. कागदावर भूमिका ठाम होती, भूगोल मात्र विरोधात होता. चारी बाजूंनी भारत, समुद्रकिनारा नाही, प्रजेत मोठं बहुमत हिंदूंचं. एवढी कमकुवत बाजू असलेला पक्ष वाटाघाटीत काय काय करतो ते बघा.

पहिलं, वजनदार माणूस नेमला. सर वॉल्टर माँक्टन हे लंडनमधले नामांकित बॅरिस्टर. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडली तेव्हा त्याचे सल्लागार हेच होते. माउंटबॅटनशी त्यांची ओळख होती. दिल्लीत बसलेल्या गव्हर्नर जनरलशी थेट बोलू शकेल असा माणूस आपल्या बाजूला ठेवणं, ही अर्धी वाटाघाट.

दुसरं, भूगोलाची उणीव भरून काढायची धडपड. गोव्यातलं मुरगावचं बंदर वापरायला मिळावं म्हणून पोर्तुगिजांशी बोलणी झाली. ती फळाला आली नाहीत.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला, एका वर्षासाठी. ब्रिटिशांच्या काळात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांची जी व्यवस्था होती ती तशीच चालू ठेवायची. विलीनीकरणाचा प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला. दोघांनी एकमेकांकडे एजंट जनरल पाठवायचे ठरले. भारताकडून क. मा. मुन्शी हैदराबादला गेले, हैदराबादकडून झैन यार जंग दिल्लीत. मुन्शींचा दर्जा नक्की कोणता, ते राजदूतासारखे की निव्वळ व्यापारी प्रतिनिधी, यावर त्यांच्या राहण्याच्या जागेपासून वाद होत राहिला. हे क्षुल्लक वाटेल, पण दर्जा मान्य करणं म्हणजे दावा मान्य करणं. दोन्ही बाजूंना ते पुरतं ठाऊक होतं.

आता यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग. करार जवळजवळ ठरला होता आणि निजामाचं शिष्टमंडळ दिल्लीला सही घेऊन जाणार होतं. २७ ऑक्टोबरच्या पहाटे जमावाने हैदराबादचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब, माँक्टन आणि सर सुलतान अहमद या शिष्टमंडळातल्या तिघांच्या घरांना वेढा घातला. यामागे इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना आणि तिचा नेता, रझाकारांचा प्रमुख कासिम रझवी, आपल्या लातूरला वकिली केलेला. शिष्टमंडळ निघूच शकलं नाही. छत्तारींनी पंतप्रधानपद सोडलं, नवं शिष्टमंडळ आलं, आणि जास्त सवलती मागून बघितल्या. भारताने मसुद्यात जवळपास काही बदल केला नाही. शेवटी जुन्याच कागदावर सही झाली.

वाटाघाटीला बसलेला माणूस नेहमी सांगतो, 'मला मान्य आहे हो, पण माझे लोक ऐकणार नाहीत.' हे जगभर चालणारं हत्यार आहे आणि चांगलं चालतं. पण त्यासाठी ते लोक आपल्या मुठीत असावे लागतात. निजामाच्या मुठीतून रझाकार निसटले होते. त्यानंतर निजामाने दिलेल्या शब्दाची किंमत दिल्लीत उरली नाही, कारण शब्द देणारा तो पाळू शकेल की नाही हेच कुणाला सांगता येईना.

माझं म्हणणं एवढंच: निजामाने वेळ मिळवला, पण त्या वेळाचं काय करायचं हे त्याला ठरवता आलं नाही. दिल्लीला आलं. चर्चा व्हावी.

जिंतूर_नाका

सर, लई दिवसांनी असं वाचायला मिळालं. एक विचारू का? दिल्ली एवढी ताकदवान होती तर त्यांनी तरी सही कामून केली? एक वर्ष थांबायची काय गरज? आमच्या गावातले म्हातारे म्हणायचे, दिल्लीला आमची आठवणच राहिली नाही. आजही काही लोक तेच म्हणायलेत.

गोदाकाठ

जिंतूर, तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांचं दुःख खरं आहे, पण दिल्लीची अवस्था बघा. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस काश्मीरमध्ये सैन्य उतरलं होतं. जुनागढचा प्रश्न नोव्हेंबरमध्ये मिटत होता. पंजाबमधून लाखो निर्वासित येत होते. तिसरी आघाडी उघडण्याची ती वेळ नव्हती. सरदार पटेलांना आणि त्यांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांना ते स्पष्ट दिसत होतं. सही झाली म्हणजे प्रश्न सोडून दिला असं नव्हे. तोवर हैदराबाद परक्या देशाशी स्वतंत्र संबंध जोडणार नाही एवढं तरी कागदावर आलं.

आता त्या वर्षात कुणी काय केलं ते बघा. नवे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या सरकारने भारत सरकारच्या रोख्यांमधले २० कोटी रुपये पाकिस्तानला कर्जाऊ दिले. भारतीय चलनावर आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर निर्बंध घालणारे वटहुकूम काढले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रं आणू लागला. म्हणजे करारात जे गोठवून ठेवायचं ठरलं होतं तेच एकेक करून हलवलं. प्रत्येक कृतीने भारताच्या हातात नवा कागद पडत गेला: बघा, यांनी करार मोडला. दिल्लीने तेवढ्या काळात काश्मीरची आघाडी सावरली, आणि सप्टेंबरपर्यंत 'आम्ही वर्षभर बोलून बघितलं' असं जगाला सांगण्याइतकी बाजू तयार केली.

उदगीरकर

गोदाकाठ सर, मांडणी आवडली, तरी एक गोष्ट मला टोचते. तुम्ही दिल्ली आणि हैदराबाद अशा दोनच खुर्च्या मांडल्या. तिसरी बाजू होती. स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस, सरहद्दीवरचे कॅम्प, बार्शी-सोलापूरकडे निघून गेलेली गावंच्या गावं. करारानंतर स्वामीजींना सोडलं आणि काही आठवड्यांत पुन्हा आत टाकलं. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली ती सरहद्दीवरच्या लढ्याला पैसा हवा म्हणून. कराराचं ते वर्ष दिल्लीत फायलींमधून गेलं असेल, आमच्या भागात ते रझाकारांच्या दहशतीत गेलं. घरात पेटत्या गोठ्यांच्या गोष्टी ऐकत आमची पिढी मोठी झाली.

मला विचारायचं आहे ते हे. वेळ काढणं हे मुत्सद्देगिरीचं हत्यार असेल तर त्याचं बिल कोण भरतं? दोन्ही राजधान्यांनी वेळ घेतला. तो आमच्या गावांच्या खात्यातून गेला.

गोदाकाठ

उदगीरकर, हे मान्य. यात वाद घालण्यासारखं काही नाही. उलट मी जोडतो की सरहद्दीवरच्या लढ्याने दिल्लीची बाजू भक्कम केली. 'हा दोन सरकारांचा वाद नाही, तिथल्या प्रजेलाच हे राज्य नको आहे' हे सांगण्याचा आधार त्या माणसांनी दिला. वाटाघाटीच्या टेबलावर ते नव्हते, पण त्यांच्याशिवाय टेबलावर मांडायला फार थोडं होतं.

स्पर्धापरीक्षा_लातूर

नमस्कार. मी दोन वर्षांपासून लातूरला तयारी करतोय. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नोट्समध्ये 'डिमार्श', 'ट्रॅक टू', 'पर्सोना नॉन ग्राटा', 'बॅक चॅनल' अशी यादी असते आणि आम्ही ती पाठ करतो. पण कुठलं हत्यार कधी काढतात, आधी कुठलं आणि मग कुठलं, हे कुठेच मिळत नाही. इथे कुणी सांगेल का? उत्तरात लिहिता येईल असं उदाहरण असेल तर फार मदत होईल.

नांदेड_ते_पुणे

मी हाच विषय एम.ए.ला शिकलो, म्हणून प्रयत्न करतो. पाठांतर सोड. एक प्रसंग घे आणि त्यातल्या पायऱ्या मोज.

पहलगामचा हल्ला २२ एप्रिल २०२५ चा. दुसऱ्याच दिवशी भारताने काय काय जाहीर केलं? सिंधू पाणी करार स्थगित. अटारीचा तपासणी नाका बंद. पाकिस्तानी नागरिकांना सार्क व्हिसा सवलतीतून प्रवेश बंद. दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातले लष्करी सल्लागार पर्सोना नॉन ग्राटा, म्हणजे यजमान देशाला नको असलेले, त्यांना परत जायला आठवडा. दोन्हीकडच्या उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणायची.

आता यात काय केलं नाही तेही बघ. उच्चायुक्तालय बंद केलं नाही. संबंध तोडले नाहीत. सिंधू करार १९ सप्टेंबर १९६० चा, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झालेला, आणि १९६५, १९७१ आणि कारगिल अशा तीन लढायांत टिकलेला. तोही रद्द केला नाही, स्थगित ठेवला. जवळपास प्रत्येक पायरी अशी निवडली की मागे फिरायचं ठरलं तर फिरता येईल. परराष्ट्र खात्यात काम करणारी माणसं हाच विचार आधी करतात: दुखलं पाहिजे, पण परतीचं दार राहिलं पाहिजे.

पर्सोना नॉन ग्राटाबद्दल एक ओळ लक्षात ठेव. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ९ व्या कलमाप्रमाणे यजमान देशाला कारण द्यावं लागत नाही. म्हणूनच ते इतकं सोयीचं. हेरगिरीचा पुरावा उघड न करता माणूस घालवता येतो. समोरचा देशही सहसा तेवढीच माणसं परत पाठवतो आणि हिशोब बरोबर होतो.

डिमार्श ही त्याहून खालची पायरी. आपल्या सरकारचं म्हणणं, निषेध असेल तर निषेध, राजदूताने जाऊन किंवा समोरच्याच्या राजदूताला बोलावून रीतसर सांगणं. रोज कुठे ना कुठे होत असतं, त्यातलं थोडंच बातमीत येतं.

आडत_बाजार

मी लातूरच्या बाजारात तुरीत आहे, अभ्यासक वगैरे नाही. पण बॅक चॅनलचा, म्हणजे पडद्याआडच्या बोलण्यांचा, विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे जुनी माणसं उपरण्याखाली हात धरून भाव ठरवायची. बाहेर उभ्या माणसाला आकडा कळत नसे, म्हणून दोघांनाही मागेपुढे होता येत असे. उघड लिलावात बोललेला आकडा मागे घेता येत नाही. सरकारांचंही हेच असणार असं मला वाटतं. चार लोकांसमोर बोललं की माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं.

आता माझा मुद्दा. मुत्सद्देगिरी म्हणजे राजदूत आणि युद्ध एवढंच नव्हे. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले तेव्हा तुरीचा करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. पुढे मलावीशी आणि म्यानमारशीही झाले. त्यामागे आफ्रिकेत मैत्री वाढवणं आहे, तिथल्या शेतकऱ्याला खात्रीचं गिऱ्हाईक देणं आहे, आणि इथे डाळ महागली की सरकारला बसणारा फटका टाळणं आहे. तिन्ही हेतू समजू शकतो. पण नवी तूर लातूरच्या बाजारात येते त्या दिवसांत बंदरावर बाहेरची तूर शुल्काशिवाय उतरलेली असली की आमच्याकडे भाव बसतो. उजनी-औशाकडच्या शेतकऱ्याला मोझांबिकची राजधानी मापुटो कुठे आहे माहीत नाही, पण तिथल्या सहीचा परिणाम त्याच्या पट्टीवर होतो.

नांदेड_ते_पुणे

@आडत_बाजार, बरोबर पकडलंत. बॅक चॅनलचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९६२ चं क्युबा प्रकरण. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्युबातली आपली क्षेपणास्त्रं काढली, हे जगाला दिसलं. अमेरिकेने तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं कबूल केलं होतं, ते अध्यक्ष केनेडींचा भाऊ रॉबर्ट केनेडी आणि सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्यात गुपचूप ठरलं आणि बरीच वर्षं बाहेर आलं नाही. उघड झालं असतं तर केनेडींना ते करताच आलं नसतं.

सेलू_पाथरी

तुरीसारखंच कापसाचं. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं. त्याच महिन्यात आपल्याकडे कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. सांगितलं गेलं की कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा. असेलही. पण आमच्याकडे वेचणी ऑक्टोबरपासून. कुणाशी काय बोलणी चालू आहेत हे आम्हाला सांगू नका, पण त्यात आमचा कापूस ठेवलाय का एवढं तरी कळू द्या. वाटाघाटी गुप्त असाव्यात हे मान्य. वाटाघाटीत कुणाला पणाला लावलं हे गुप्त राहू नये.

मुंगीपैठण

धागा पुन्हा आपल्या मातीत आणतो. गोदाकाठ सर १९४७ पासून सुरू झाले. मी २२० वर्षं मागे जातो.

पालखेड, वैजापूर तालुका, फेब्रुवारी १७२८. पहिला निजाम आधी पुण्याच्या मुलखात शिरला होता, कोल्हापूरच्या संभाजीराजांना शाहू महाराजांविरुद्ध उभं करून. ही त्याची चाल होती: समोरच्या घरात गादीवरून वाद आहे, तर त्यातल्या एकाला मान्यता द्या आणि चौथ कुणाला द्यायची हे ठरलेलं नाही असं म्हणून वसुली थांबवा. मान्यता हे हत्यार किती जुनं आहे ते बघा. आजही एखाद्या देशात दोन सरकारं असली की बाहेरचे देश हेच करतात.

बाजीरावांनी पुणे वाचवायला धाव घेतली नाही. ते निजामाचाच मुलूख तुडवत फिरले, निजामाला मागे फिरावं लागलं, आणि जड तोफखाना मागे ठेवून धावत आलेल्या फौजेला पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडलं. इथे सर्व लोक लढाईचं कौतुक करून थांबतात. मला कौतुक तहाचं वाटतं. ६ मार्च १७२८, मुंगी-शेवगाव. निजामाला कापून काढलं नाही, औरंगाबाद घेतलं नाही. दख्खनच्या सुभ्यांतली शाहूंची चौथाई आणि सरदेशमुखी मान्य करून घेतली आणि संभाजीराजांचा पाठिंबा सोडायला लावला. म्हणजे ज्या हत्याराने निजामाने भांडण सुरू केलं तेच काढून घेतलं. कोंडलेल्या शत्रूकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे बाजीरावांना नेमकं कळत होतं.

पाटोद्याचा_वाचक

पैठणकरांनी तार छेडली तर मराठे-निजाम यांच्या खर्ड्याच्या लढाईचंही होऊ द्या. आमच्या सरहद्दीला लागूनच.

मार्च १७९५. निजामाला वाटत होतं इंग्रज आपले मित्र. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. निजाम हरला आणि त्याचा मंत्री अझीम-उल-उमरा मराठ्यांच्या ताब्यात पुण्याला गेला. आता गंमत बघा. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीवरून पेच पडला, आणि नाना फडणवीसांना पाठिंबा हवा होता. कैदेतल्या त्या मंत्र्याने बोलणी करून १७९६ च्या महाडच्या तहात खर्ड्याला गेलेलं बरंचसं परत मिळवलं. कैदी होऊन गेलेला माणूस वकील होऊन परतला.

पण याचा दुसरा परिणाम जास्त मोठा. खर्ड्याच्या वेळी मित्र आला नाही, म्हणून निजामाने आधी रेमंडच्या फ्रेंच पलटणींवर भर दिला. मग नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली आला आणि त्याने सांगितलं: फ्रेंच काढा, आमची फौज ठेवा, खर्च तुम्ही द्या. १ सप्टेंबर १७९८ ला निजाम तैनाती फौजेत अडकला. एकदा मदतीला न गेलेला मित्र तीन वर्षांनी मालक होऊन आला.

नळदुर्ग_रोड

त्या तैनाती फौजेपाठोपाठ पुढे काय झालं हे आमच्या जिल्ह्याला माहीत आहे. हैदराबाद कॉन्टिंजंट म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांखालची, पण निजामाच्या पैशावरची वेगळी फौज; तिचा खर्च थकत गेला, कर्ज वाढत गेलं, आणि १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमचा धाराशिव-नळदुर्गचा भाग इंग्रजांनी वसुलीसाठी आपल्या हातात घेतला. कर्नल मेडोज टेलर नळदुर्गला बसून कारभार बघायचा. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, १८५७ मध्ये तो इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून. वऱ्हाड मात्र गेलं ते गेलंच. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा करून दिला.

आज श्रीलंकेतलं हंबनटोटा २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं की वर्तमानपत्रांत 'कर्जाचा सापळा' म्हणून लेख येतात. तिथली परिस्थिती वेगळी आहे, नुसतं कर्ज थकलं म्हणून बंदर गेलं असं म्हणणं अर्धवट आहे. पण फौज आम्ही देतो, बिल तुम्ही भरा, भरता आलं नाही तर जमीन द्या, हे आमच्या धाराशिवने सात वर्षं भोगलेलं आहे.

बीडची_लेक

सगळ्यांचं वाचतेय आणि अभिमान वाटतोय की आपल्याकडे असं बोललं जातं. पण १९४८ चं बोलताना एक पान उलटायचं राहिलं आहे आणि ते मी उलटते.

भारताने ही 'पोलीस कारवाई' आहे, आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका घेतली. कायद्याच्या दृष्टीने ती बाजू मजबूत होती. त्यामुळे बाहेरचा कुणी निरीक्षक आला नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर जे झालं त्याची चौकशी करायला केंद्रानेच पंडित सुंदरलाल समिती पाठवली. त्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० मृत्यूंचा होता. तो अहवाल कित्येक दशकं दडपून ठेवला गेला.

रझाकारांनी केलेलं मी विसरत नाही, उदगीरकर काकांनी सांगितलेलं तर नाहीच. पण माझ्या आईच्या माहेरच्या गावात दोन्ही बाजूंची पडकी घरं होती आणि आजी दोन्ही घरांतल्या माणसांची नावं घ्यायची. प्रश्न अंतर्गत ठरवणं ही मुत्सद्देगिरीची मोठी खेळी आहे. तिने दार बंद होतं, बाहेरच्यांसाठी. आत काय चाललंय ते बघायची जबाबदारी मग आतल्यांवर दुप्पट होते.

उदगीरकर

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे हे कुजबुजतच बोललं जातं. मुक्तीसंग्रामाचा मान याने कमी होत नाही.

वकिली_खंडपीठ

बीडच्या ताईंच्या मुद्द्याला कायद्याची बाजू जोडतो. निजामाने अमेरिकेच्या अध्यक्षांकडे मध्यस्थी मागितली, ती नाकारली गेली. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवली. सनदेच्या ३५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नसलेलं राज्यही वाद नेऊ शकतं. पण ते 'राज्य' असायला हवं. भारताकडून रामस्वामी मुदलियार उभे राहिले आणि त्यांनी तोच पाया खणला: हैदराबाद स्वतंत्र राज्य कधी नव्हतंच, ब्रिटिशांच्या काळातही नाही आणि करारानंतरही नाही. पॅरिसला बैठक झाली १६ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इकडे युद्धबंदी. २२ तारखेला निजामाने तक्रार मागे घेतल्याचं कळवलं. तरीही परिषदेच्या विषयांच्या यादीत 'हैदराबादचा प्रश्न' पुढे कित्येक वर्षं राहिला.

आणि पैशाची गोष्ट तर सांगायलाच हवी. २० सप्टेंबर १९४८ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबादच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर गेले. पाठवणारे मोईन नवाज जंग, सुरक्षा परिषदेतल्या शिष्टमंडळाचे प्रमुख. आठवड्याभरात निजामाने बँकेला कळवलं की माझ्या परवानगीशिवाय झालं, परत करा. बँकेने कुणालाच दिले नाहीत. निजामाने दावा लावला, पण १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, सांगितलं की पाकिस्तानला सार्वभौम राज्य म्हणून इथल्या न्यायालयात ओढता येत नाही. दावा तिथेच थिजला. २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा लावला आणि त्याबरोबर ते संरक्षण गेलं. २ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला तो निजामाच्या वारसांच्या आणि भारताच्या बाजूने. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास गेली होती.

यात विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावं ते हे की सार्वभौम संरक्षण ही ढाल आहे. आपण होऊन वादी म्हणून उभं राहिलात की ती खाली ठेवावी लागते.

जिंतूर_नाका

वकीलसाहेब, हे तर मला ठाऊकच नव्हतं. मग निजामानं सुरक्षा परिषदेत आधीच जायला पाहिजे होतं का? समजा डिसेंबर ४७ लाच गेला असता तर?

वकिली_खंडपीठ

तेव्हा जाणं अवघड होतं. नोव्हेंबरला करारावर सही करून परराष्ट्र व्यवहार भारताकडे ठेवल्याचं त्याने मान्य केलं होतं, मग डिसेंबरला कोणत्या तोंडाने जाणार? ज्या सहीने त्याला वर्ष मिळालं त्याच सहीने हे दार बंद केलं.

गोदाकाठ

वकीलसाहेबांनी नेमकं सांगितलं. यात एक तारीख जोडतो. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांच्या पुढाकाराने तडजोडीचा मसुदा तयार झाला होता. लोकांना जबाबदार असलेलं सरकार आणि जनमताचा कौल अशा तरतुदी त्यात होत्या. पटेलांच्या दृष्टीने तो नको तितका सैल होता, तरी त्यांनी होकार दिला. निजामाने नाकारला. २१ जूनला माउंटबॅटन देश सोडून गेले. त्यांच्या जाण्याची तारीख सर्वांना आधीपासून माहीत होती. निजामाबद्दल दिल्लीत सर्वांत मऊ असलेला माणूस कधी जाणार हे माहीत असूनही त्याच्या हातून मिळेल तेवढं घेतलं नाही. माझ्या मते तेरा महिन्यांतली सर्वांत मोठी चूक ती. सप्टेंबरमध्ये जे झालं ते जूनमध्येच ठरलं होतं.

@स्पर्धापरीक्षा_लातूर, उत्तरात लिहायचं असेल तर २९ नोव्हेंबर, २१ जून आणि २१ ऑगस्ट या तीन तारखा घे आणि प्रत्येकीपुढे लिही की त्या दिवशी निजामाकडे कोणते पर्याय होते आणि दुसऱ्या दिवशी किती उरले.

स्पर्धापरीक्षा_लातूर

धन्यवाद सर. लिहून इथेच टाकतो, तपासाल का? आणि आडत_बाजार काका, मोझांबिक कराराची मुदत पुढे वाढवल्याचं वाचलं आहे. ते आकडे तुमच्याकडे आहेत का?

आडत_बाजार

वाढवली आहे, आणखी पाच वर्षं, २०२५-२६ पर्यंत, दरवर्षी २ लाख टन. २०२३ च्या शेवटी तिकडच्या भांडणामुळे त्यांच्या बंदरावर माल अडकला होता आणि इकडे तुरीचा भाव चढला होता, तेही लिहा. एकाच देशावर भार टाकला की काय होतं त्याचं उदाहरण म्हणून उपयोगी पडेल.